बिलाच्या ओळी आधी वाच

बाळा, मेंटेनन्सचं बिल वाढून आलं की माणूस पहिल्यांदा सगळ्यात खालचा आकडा बघतो आणि तिथंच त्याचं डोकं फिरतं. त्यातून तू सातासमुद्रापलीकडे. आपण तिथं नाही म्हणून आपल्यावर जास्त लावतायत, अशी शंका लगेच येते. ती कधी खरी असते, कधी नसते. ग्रुपवर रागाचा मेसेज टाकून तिचा निकाल मात्र लागत नाही. खालचा आकडा हातानं झाक आणि वरच्या ओळी एकेक करून वाच.

ही सवय मला तुझ्या आजोबांनी लावली. कारखान्याचं ऊसबिल आलं की ते आधी टनेज बघायचे, मग दर, मग कपातीची एकेक ओळ. हाती किती आलं ते सगळ्यात शेवटी. न कळलेली कपात दिसली की ही कुठल्या ठरावानं कापली, एवढंच विचारायला ते शेतकी ऑफिसात जायचे. आवाज चढवायचे नाहीत आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायचेही नाहीत. पुढं मी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत आयुष्य काढलं. सांगली आणि सातारा, दोन्ही जिल्ह्यांतल्या गृहनिर्माण संस्थांची दप्तरं चाळली, तेव्हा कळलं की फ्लॅटच्या बिलालाही हाच प्रश्न विचारायचा असतो. "एवढं कसं वाढलं?" असं विचारलंस तर समोरून "महागाई किती वाढलीय" एवढंच येतं आणि विषय संपतो. कुठली ओळ वाढली, कशाच्या आधारानं वाढली आणि कुठल्या सभेत वाढली, असं विचारलंस तर सेक्रेटरीला दप्तर उघडावंच लागतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करून घे. तुझा फ्लॅट सोसायटीत आहे की अपार्टमेंटमध्ये? पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलंय म्हणून ती अपार्टमेंट ठरत नाही आणि सगळे तोंडानं 'सोसायटी' म्हणतात म्हणून ती सोसायटीही ठरत नाही. सांगलीत विश्रामबागेत, साताऱ्यात गोडोलीत किंवा शाहूपुरीत फिरलास तर बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतील. फरक कागदात असतो. तुझ्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि तिला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागतो. शेअर सर्टिफिकेट नाही, पण 'डीड ऑफ अपार्टमेंट' हातात आहे आणि बिल्डरनं 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणजे घोषणापत्र नोंदवलेलं आहे, तर तिथं १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. तुमच्याकडे परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात, तो हाच प्रकार.

हे एवढं ताणून सांगते, कारण सगळ्या बिलाचं गणित इथंच फिरतं. सोसायटीत वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे जे सेवाशुल्क असतं, ते आदर्श उपविधींप्रमाणे सगळ्या फ्लॅटना सारखं वाटायचं. फ्लॅट लहान असो की मोठा. वॉचमन काही मोठ्या फ्लॅटची जास्त राखण करत नाही, असा त्यामागचा विचार. अपार्टमेंटमध्ये मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा असतो. ती टक्केवारी घोषणापत्रात लिहिलेली असते आणि सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय ती बदलता येत नाही. पुण्यात ट्रेझर पार्क नावाच्या मोठ्या कॉन्डोमिनियममध्ये याच्यावरूनच वाद झाला. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, सुविधा सगळ्यांना सारख्या, तर आकारही सारखा हवा. प्रकरण उपनिबंधकांकडून सहकार न्यायालयात गेलं, तिथून मुंबई उच्च न्यायालयात. २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की अपार्टमेंटच्या कायद्यात हिश्श्याप्रमाणेच द्यायचं.

तेव्हा सोसायटीतला वन बीएचकेवाला "माझा फ्लॅट लहान, मला वॉचमनचे पैसे कमी लावा" म्हणाला तर त्याचं टिकणार नाही. तेच अपार्टमेंटमध्ये असेल तर त्याचं म्हणणं अगदी बरोबर. मेव्हण्याच्या पुण्यातल्या सोसायटीचा नियम आणून आपल्या सांगलीतल्या अपार्टमेंटमध्ये भांडणारी माणसं मी खूप बघितली. खरी तक्रार असूनही ती हरतात, कारण बोट चुकीच्या कलमावर ठेवतात.

आता सोसायटीच्या बिलाच्या ओळी बघू. तुझ्या संस्थेनं कुठले उपविधी स्वीकारलेत ते एकदा मागून घे. बहुतेकांनी सरकारचे आदर्श उपविधीच घेतलेले असतात, आणि मी पुढं सांगते ते २०१४ च्या आदर्श उपविधींवरून.

पाणीपट्टी फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून लावायची. लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यावाल्यालासुद्धा. पार्किंगचा आकार सर्वसाधारण सभा ठरवेल तो, आणि ज्याला पार्किंग दिलंय त्यालाच. घरपट्टी आपल्याकडे बहुतेक वेळा महापालिका किंवा नगरपालिका फ्लॅटधारकाच्या नावानं स्वतंत्र पाठवते. ती तू वेगळी भरत असशील आणि सोसायटीच्या बिलातही 'कर' म्हणून ओळ असेल, तर ती कशाची हे विचार. जीएसटीची ओळ असेल तर आणखी एक बघ: दर फ्लॅटमागे महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर जीएसटी लागत नाही. आपल्याकडच्या वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारतीत ही ओळ सहसा यायलाच नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड या दोन ओळींत. दुरुस्ती-देखभाल निधीचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. सिंकिंग फंड किमान पाव टक्का. बांधकाम खर्च म्हणजे फ्लॅटची आजची बाजारातली किंमत नव्हे, आणि त्यात जमिनीचा वाटाही धरायचा नाही. समज, तुझ्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरलाय. तर दुरुस्ती निधी वर्षाला ९,००० म्हणजे महिन्याला ७५०, आणि सिंकिंग फंड वर्षाला ३,००० म्हणजे महिन्याला २५०. हे किमान. सभेनं याहून जास्त ठरवायला आडकाठी नाही, पण सभेनं ठरवलं पाहिजे. कमिटीच्या चार माणसांनी चहा पिता पिता ठरवून चालत नाही.

आणि या सिंकिंग फंडाची एक खूण सांगते. माझ्या वरच्या साहेबांनी, साताऱ्याचे होते ते, ही मला नोकरीच्या पहिल्या काळात शिकवली. ताळेबंद उघड. डाव्या बाजूला देणी असतात, तिथं 'सिंकिंग फंड' समोर किती रक्कम आहे ते बघ. मग उजव्या बाजूला ये आणि जिल्हा बँकेत वगैरे तेवढ्या मुदतठेवी दिसतात का ते बघ. डावीकडं सहा लाख आणि उजवीकडं ठेव दीड लाख असेल, तर मधले साडेचार लाख रोजच्या खर्चात गेले, हे कुणीही न सांगता कळतं. पुष्कळ संस्थांत आज अचानक मोठी वाढ येते ती यामुळे. वर्षानुवर्षं मेंटेनन्स कमी ठेवला, सगळे खूश राहिले, आणि तूट निधीतून भागवली. चोरी कुणी केलेली नसते. पण निधी संपला की एक दिवस सगळ्यांच्याच बिलात उडी येते. तू तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून बघितलेस तर वाढीचं खरं कारण सापडतं, आणि मग कमिटीशी बोलताना तुझ्या शब्दाला वजन येतं.

तुझ्यासारख्यांना खास म्हणून लागणारी ओळ म्हणजे बिनभोगवटा शुल्क, ज्याला लोक 'नॉन-ऑक्युपन्सी' म्हणतात. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तरच ते लावता येतं. किती? १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानं त्याला मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या दहा टक्के. अख्ख्या बिलाच्या नव्हे, फक्त सेवाशुल्काच्या. सेवाशुल्क ८०० असेल तर हे ८० रुपये. फ्लॅट कुलूपबंद असेल तर ते लागत नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, सून-जावई राहत असतील तरीही लागत नाही. 'मालक परदेशी' म्हणून महिन्याला सरसकट पाचशे किंवा हजार लावायची वहिवाट मी काही ठिकाणी बघितलीय. "त्यांना काय, डॉलरमध्ये कमावतात" असं म्हणून ते लावतात. असा आकार उपविधींत कुठंही नाही, आणि तिथं तू ठाम उभं राहायचं. रक्कम लहान असली तरी उभं राहायचं, कारण आज तुझ्यावर लावलं ते उद्या पुण्यात पोराकडं जाऊन राहिलेल्या म्हाताऱ्या जोडप्यावर लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ही जास्त जीव लावून ऐक. प्रत्येक वाढ चुकीची नसते.

सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते तू बातम्यांत बघितलंस. इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी. गावभाग, खणभाग, मारुती चौक या बाजूच्या इमारतींचं पार्किंग बुडालं. पाणी गेल्यावर आत काय राहतं ते परदेशातून कळत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात कंबरभर गाळ, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत नदीचं पाणी, पंपाची मोटर जळलेली, मीटरच्या पेट्यांत चिखल. टाकी उपसून धुवायची, मोटर रिवाइंड करायची, लिफ्टची बोर्डं बदलायची. शहाण्या कमिट्यांनी त्याच वेळी मीटर उचलून पहिल्या मजल्याच्या पातळीवर घेतले. त्याला पैसे लागले आणि ते सभासदांनीच द्यायचे होते. असा खर्च बिलात आला तर तिसऱ्या मजल्यावरच्यानं "माझ्या घरात कुठं पाणी आलं?" म्हणायचं नसतं. लिफ्ट आणि पाणी त्यालाही लागतंच.

साताऱ्यात पुराऐवजी गच्ची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पाऊस तिरपा मारतो, महिनोन्‌महिने ऊन दिसत नाही. गळती बहुधा गच्चीच्या मधोमध होत नाही. स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात तिथल्या कोपऱ्याला भेग जाते, किंवा पावसाळी पाइपच्या तोंडाशी पाला अडकून पाणी तुंबतं, आणि ते भिंतीतून उतरत दोन मजले खाली कुणाच्या तरी कपाटामागं ओल म्हणून दिसतं. दरवर्षी वरून डांबर थापलं तर खर्च थोडा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा होतो. सगळा जुना कोबा काढून नव्यानं वॉटरप्रूफिंग केलं तर एकदाच मोठा खर्च येतो. दुसरा मार्ग महाग वाटतो, पण बिलं जोडून बघ, पहिलाच महाग पडलेला असतो. हल्ली सगळीकडं गच्चीवर पत्रा टाकायची लाट आहे. त्याला परवानगी घेतलीय का आणि वाऱ्याला तो किती टिकेल, हे विचारल्याशिवाय संमती देऊ नकोस.

तुझ्या अमेरिकेतली गोष्ट तुला माहीत असेलच. फ्लोरिडात सर्फसाइडला चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर, माणसं झोपेत असतानाच कोसळली. ९८ माणसं गेली. २०१८ मध्येच इंजिनिअरनं काँक्रीटचं नुकसान लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च सुमारे दीड कोटी डॉलरपर्यंत गेला होता आणि मालकांत त्यावरून वाद चालले होते. ते आठवून मी सांगते: स्ट्रक्चरल ऑडिटच्या ओळीवर कधीही हरकत घेऊ नकोस. आपल्याकडच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. ते झालं नसेल, तर ते करा असं पत्र तूच लिही. पैसे वाढले तरी लिही. लांब राहणाऱ्या मालकानं कमी खर्चाच्या बाजूनं सतत मत द्यायचं आणि आत राहणाऱ्यांनी पडक्या सज्ज्याखालून ये-जा करायची, हे मला पटत नाही.

मग हरकत कुठं घ्यायची? तर खर्च योग्य असला तरी रीत चुकली असेल तिथं. मोठ्या कामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, एकापेक्षा जास्त दरपत्रकं हवीत, त्यांची तुलना इतिवृत्तात हवी. इतिवृत्त मागवलंस की ठराव शोध आणि तो कुठल्या विषयाखाली आलाय ते बघ. आपल्याकडं विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ हमखास असते: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. मेंटेनन्सची वाढ अनेकदा तिथं सापडते. नऊ विषय संपलेले असतात, निम्मी माणसं उठलेली असतात, चहा आलेला असतो, आणि दहाव्या विषयात कुणीतरी सूचक, कुणीतरी अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. नोटीसमध्ये न सांगितलेला विषय असा मंजूर झाला असेल तर तुझी हरकत वजनदार आहे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघाली होती का, ती तुला मिळाली होती का, गणपूर्ती होती का, हेही बघ. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी असेल ती संख्या. उपस्थितीच्या सह्या मोजल्या की झालं.

दप्तर मागायला संकोच नको. सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःचं खातं बघायचा हक्क सहकार कायद्यानं दिलाय, आणि शुल्क भरून नकलाही मिळतात. पत्र छोटं लिही, मराठीत लिही. असं काहीतरी:

'मा. सेक्रेटरी यांस, सप्रेम नमस्कार. एप्रिलपासूनच्या बिलात दुरुस्ती निधीची रक्कम वाढलेली आहे. ही वाढ कोणत्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाली त्या ठरावाची नक्कल आणि ज्या अंदाजपत्रकावर ती आधारलेली आहे ते अंदाजपत्रक मिळावे, ही विनंती. नकलांचे शुल्क कळवावे, लगेच भरतो. तोपर्यंत बिलाची पूर्ण रक्कम माझी हरकत नोंदवून व हक्क अबाधित ठेवून भरत आहे.'

शेवटचं वाक्य विसरू नकोस, सगळ्या पत्रात तेच मोलाचं आहे. वाद चालू असताना पैसे थांबवायचे नाहीत. थांबवलेस की तू थकबाकीदार होतोस. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. ते सरळव्याज आहे, चक्रवाढ लावलं असेल तर तीही हरकतीची जागा. संस्था निबंधकांकडून वसुलीचा दाखला घेऊ शकते, आणि त्याविरुद्ध वर दाद मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. शिवाय सभेत तुझं नाव निघालं की पहिलं वाक्य येतं, "ते पैसेच भरत नाहीत." मग तुझा मुद्दा कितीही खरा असू दे, कुणी ऐकत नाही. एनआरओ खात्यातून दर महिन्याला आपोआप जाईल अशी सोय कर आणि वाद वेगळा चालू दे.

सेक्रेटरीशी बोलताना मान ठेव. आपल्या छोट्या इमारतीत सेक्रेटरी म्हणजे बहुधा निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला माणूस. पगार नाही, टँकरवाल्याचा फोन पहाटे त्यालाच येतो, लिफ्ट अडकली तर तोच धावतो. त्याला "आमच्याकडं अमेरिकेत असं चालत नाही" हे वाक्य कधीही ऐकवू नकोस. त्याला काका म्हणतोस ना, तसंच पत्रातही 'आदरणीय' लिही. आणि मग प्रश्न मात्र एकही सोडू नकोस.

सभेला कोण जाणार, हा तुझा खरा अडसर. पुष्कळांना वाटतं, आईला कुलमुखत्यारपत्र दिलं की ती सभेत बसेल. सहकारी सोसायटीत तसं होत नाही. मुखत्यार किंवा प्रतिनिधी म्हणून सर्वसाधारण सभेला बसता येत नाही, असं उपविधींत स्पष्ट आहे. पण फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेट दोघांच्या नावावर असेल, तर पहिल्या नावाच्या गैरहजेरीत दुसऱ्याला मत देता येतं. सहयोगी सभासद करून घेतला असेल तर तुझ्या लेखी संमतीनं तो बसू शकतो. म्हणून फ्लॅट घेतानाच आई किंवा बायको, जिला यायला जमेल तिचं नाव लावून घ्यायचं. ज्यांनी लावलं नसेल त्यांनी सहयोगी सभासदत्वाचा अर्ज आजच द्यावा. अपार्टमेंटमध्ये नियम वेगळे, तिथं मतही अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं मोजायची पद्धत असते. तिथले उपविधी घोषणापत्राला जोडलेले असतात, ते वाच.

कुलमुखत्यारपत्र निरुपयोगी आहे असं मात्र नाही. नकला घेणं, निबंधक कार्यालयात अर्ज देणं, वकील नेमणं यासाठी ते लागतं. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून पाठव, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे, हे बघ. तो राहिला तर ऐनवेळी कागद कुणी हातात घेत नाही.

पत्रांना उत्तर मिळालं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार, पत्रांच्या पोचपावत्या जोडून. दप्तर दाखवत नाहीत, सभा घेत नाहीत, मर्यादेबाहेर बिनभोगवटा शुल्क लावतात, अशा तक्रारी तिथं चालतात. आकारणीच बेकायदा आहे असा वाद असेल तर सहकार न्यायालय, कलम ९१ खाली. तिथं वेळ जातो. महिन्याला दीडशे रुपयांच्या फरकासाठी मी कुणालाही कोर्टात पाठवणार नाही. सरसकट सगळ्यांवर चुकीचा आकार लागत असेल तर सगळ्यांनी मिळून जावं.

मिळून म्हणाले, कारण तुझ्या इमारतीत बाहेर राहणारा तू एकटा नाहीस. कुणी पुण्यात, कुणी मस्कतला, कुणी बंगळुरात. त्यांची यादी कर. एकूण सभासदांपैकी एक-पंचमांश जणांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. पंचवीस फ्लॅटच्या इमारतीत पाच सह्या. पण त्या पाचांत किमान दोघं तिथंच राहणारे असू देत, नाहीतर 'बाहेरचे विरुद्ध आतले' असं चित्र तयार होतं आणि मुद्दा बाजूला पडतो.

उद्या तू परदेशात कुठंही फ्लॅट घेतलास तरी विचारायची रीत हीच. इंग्लंडमध्ये लीजहोल्डच्या इमारतीत एका मालकावर २५० पौंडांपेक्षा जास्त बोजा येणारं काम काढायचं तर आधी मालकांना लेखी कळवून त्यांचं म्हणणं घ्यावं लागतं, आणि आकार अवाजवी वाटला तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडं जाता येतं. दुबईत सर्व्हिस चार्ज 'मोल्लाक' नावाच्या सरकारी प्रणालीतून मंजूर होऊनच येतो. मंजुरी झालीय का, एवढं आधी तपासायचं.

आपल्याकडं वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळं जूनमध्ये दप्तर माग, जुलैत ताळेबंद वाचून काढ, ऑगस्टच्या सुरुवातीला तुझा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून पत्र दे. विषय असा मांड: कुठल्या ओळीचा आकार कुठल्या सूत्रानं लागणार, ते ठरावात लिहून ठेवावं. म्हणजे कमिटी बदलली तरी सूत्र बदलणार नाही. जास्त घेतलेले पैसे रोख परत मागू नकोस, पुढच्या बिलांत वळते करून घ्यायला सांग. ते संस्थेला जड जात नाही आणि लगेच मंजूर होतं. ठराव झाला की इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल घे आणि ऑक्टोबरचं बिल आलं की फरकाची रक्कम वजा झालीय का, ती ओळ बघ.